बाई, कॅसेट मी देणार नाही

बाई,

अण्णांनी कॅसेट मागितली आणि मी नाही म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीचा शेवट आधी कळला तरी तुमचं काही बिघडत नसे. बिघडायचं ते माझं. आपली निम्मी भांडणं त्यावरच झाली.

तुमचा दहावा उरकून अण्णा थेट माझ्या दुकानात आले. डोकं केलेलं, त्यावर टोपी, पायात पावसाळी चपला. मी एका गिऱ्हाइकाला पासपोर्टचे फोटो कापून देत होतो. तो जाईपर्यंत अण्णा बाकावर बसून राहिले, चहा नको म्हणाले आणि मग एकदम विचारलं, “ती सिनेमाची कॅसेट तुझ्याकडेच आहे ना?”

“आहे.”

“दे मला. उद्या मांडवीला जाऊन समुद्रात सोडून येतो.”

“कशासाठी?”

“कशासाठी काय विचारतोस? भाद्रपद नसताना तुम्ही पितरांचं पान मांडलंत. वर त्याच्याभोवती रांगोळी घातलीत. ही तेव्हाच सांगत होती, वन्सं, असलं काही घरात करू नका. तिने ऐकलंन नाही. आता बघ काय झालं ते.”

‘ही’ म्हणजे तुमच्या वहिनी. मी म्हणालो, “अण्णा, बाईंच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती. सिनेमा आत्ता चार वर्षांपूर्वीचा. झडप आधीची आहे.”

“ते डॉक्टर सांगतात.”

“मग झडपेचं दुसऱ्या कोणी सांगायचं? मी सांगू?”

अण्णा उठले. भावाचं दुःख मला कळत होतं, पण त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता. दारात थांबून ते म्हणाले, “तेराव्याला येशील ना, तेव्हा घेऊन ये,” आणि मी हो म्हटल्यासारखे निघून गेले. पुढच्या गिऱ्हाइकाचा फोटो मी असा कापला की त्याचा कान गेला.

बाहेरच्या माणसाला हे सगळं सांगायचं म्हणजे पंचाईत आहे, बाई. चित्रकलेच्या बाई, पन्नाशीला टेकलेल्या, बिनलग्नाच्या, बाराही महिने हातात छत्री, आणि त्यांनी रत्नागिरीत बसून झॉम्बीचा सिनेमा काढला. बरं, काढला तो काढला, त्यात एकही झॉम्बी कोणाला चावत नाही, धावत नाही, साधा ओरडतसुद्धा नाही. तो जेवायला बसतो.

अठ्ठ्याण्णव साली मी फोटो स्टुडिओच्या निम्म्या जागेत व्हिडिओ लायब्ररी टाकली होती. तुम्ही आलात आणि छत्री मिटत म्हणालात, “मोहन, भुताचं काही आहे का?” मला आधी वाटलं शाळेच्या गॅदरिंगसाठी हवंय. मी एक हिंदी भूतपट दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो माझ्यापुढे आपटलात. “हा नको. ह्यात बायका सारख्या आंघोळच करताहेत. भूत कधी येणार?” मी शाळेत तुमच्या हातची पट्टी खाल्लेला विद्यार्थी. मान खाली घालून एक इंग्रजी कॅसेट काढून दिली. मेलेली माणसं थडग्यांतून उठतात, घराला गराडा घालतात, आत माणसं बंदुका घेऊन बसलेली, असलं काहीतरी.

ती कॅसेट तुम्ही आठवडाभर ठेवलीत. परत द्यायला आलात तेव्हा तुमचा चेहरा असा होता की मला वाटलं घाबरलात. तुम्ही घाबरला नव्हता, तुम्ही चिडला होतात. “अरे, एवढी भुकेली माणसं दारात आली. घरचीच माणसं, कोणाचा बाप, कोणाची बहीण. आणि एकाच्याही मनात येऊ नये, की पान मांडावं?”

“बाई, ती माणसं खातात. माणसांना.”

“खातीलच. दुसरं काही वाढलंय का कोणी?”

तुम्ही तिथेच, माझ्या काउंटरला टेकून, पुढचं बोलून मोकळ्या झालात. म्हणालात, आपण तर दर वर्षी बोलावतो. भाद्रपदात म्हाळ घालतो, पितरांना नावं घेऊन जेवायला बोलावतो, खीर, वडे, आमसुलाची चटणी, त्यांना आवडायचं ते सगळं करतो. आणि समज, एका वर्षी ते खरंच आले तर?

“पळापळ होईल,” मी म्हणालो.

“तेच तर. बोलवायचं आपण आणि पळायचंही आपणच.”

त्या दिवसापासून पुढची चार-पाच वर्षं तुम्ही माझं डोकं खाल्लंत. पितर आला तर तो कुठे बसेल? त्याचा आंघोळीचा तांब्या अजून घरात असेल का? त्याच्या खाटेवर आता कोण झोपतं? मला वाटायचं, बाई रिटायर होईपर्यंत ह्यातच रमतील. आणि एका मे महिन्याच्या शेवटी तुम्ही दुकानात येऊन विचारलंत, “तुझी लग्नं संपली ना? आता कॅमेरा रिकामाच असेल.”

कॅमेरा रिकामा होता. मिरकरवाड्यातल्या होड्याही पावसाळ्यासाठी वर ओढून झाल्या होत्या, त्यामुळे दामू तांडेलही रिकामा होता. आयुष्यभर ट्रॉलर चालवलेला माणूस. त्याला तुम्ही बंदरात जाळी विणताना नाही, चालताना पाहिलं होतं. डेकवर चालायची सवय असल्यामुळे तो जमिनीवरही पाय फाकून, जपून, एकेक पाऊल टेकत चालायचा. “हाच माझा पितर,” तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, जरा पांढरा रंग लावू, डोळ्यांखाली काळं करू. तुम्ही चक्क माझ्यावर वसकलात. तुमचं म्हणणं, मेल्यावर माणसाचा रंग बदलत नाही, बाकीच्यांची नजर बदलते. ते कॅमेऱ्यात कसं दाखवायचं ते तू बघ.

रविवारी रविवारी आपण शूटिंग केलं, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या घरी. तेव्हा अण्णांनी नाही म्हटलं नव्हतं, हे मी दहाव्याच्या दिवशी मुद्दाम बोललो नाही. त्यांना वाटलं होतं तुम्ही शाळेसाठी काहीतरी सणांची माहिती देणारं करताय. कौलांवर पाऊस असा वाजायचा की संवाद काही ऐकू यायचे नाहीत. म्हणून तुम्ही संवादच काढून टाकलेत. लोक पुढे म्हणाले, बाईंनी मुद्दाम मौन वापरलंय. तुम्ही ते हसून मान्यही केलंत, लबाड.

गोष्ट तरी किती? देशावरून आलेली नवी सून म्हाळाच्या दिवशी पितराच्या पानाभोवती रांगोळीची महिरप काढते. तिला ठाऊक नाही की श्राद्धाच्या पानाला रांगोळी घालत नाहीत. रांगोळी पाहुण्याच्या पानाला, जिवंत माणसाच्या पानाला. दुपारी पाखाडीच्या पायऱ्या चढत सासरा येतो, मागच्या वर्षी वारलेला. रांगोळी बघतो, पाटावर बसतो, जेवतो. आणि जातच नाही. घराला आधी भरून येतं. बायको पंख्याने वारा घालते, मुलगा पाय धरतो, शेजारीपाजारी बघायला येतात. मग दिवस जातात. तो काही मागत नाही, बोलत नाही, नुसता असतो. त्याचा पाट माजघरातून पडवीत येतो, पडवीतून गोठ्यात. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला विचारतात तसं एक दिवस मुलगाच त्याला विचारतो, “मग, परत कधी?” अख्ख्या सिनेमात ऐकू येणारा तेवढा एकच संवाद, कारण त्या वेळी पाऊस थांबला होता.

आणि तेवढ्या दिवसांत, हे मला एडिटिंगला बसल्यावर कळलं, घरातली जिवंत माणसंच हळूहळू लाकडासारखी होत गेलेली असतात. एकमेकांकडे बघत नाहीत, नुसती फिरतात, वाढतात, उचलतात. माणसासारखा दिसतो तो एकटा दामू तांडेल. मी तुम्हाला फोन करून म्हणालो, बाई, हे तर उलटंच झालंय. तुम्ही म्हणालात, “आत्ता दिसलं? शूटिंग तू केलंस ना?”

दामूने खरे वडे खाल्ले. तुम्हाला दर वेळी पुन्हा शॉट हवा, आणि वहिनी दर वेळी गरम वडा वाढणार. शेवटी त्याने हात जोडले. “अवो बाई, मेलेल्या मानसान वडं खायाचं तरी किती?” वहिनी पदराआड हसत होत्या. सिनेमात वाढणारे हात वहिनींचे आहेत. सून झालेल्या कॉलेजच्या पोरीला पानात मीठ कुठे वाढायचं तेही येत नव्हतं. आणि रांगोळी काढणारा हात तुमचा. ती पोर चिमूट सोडायची ते सांडल्यासारखं दिसायचं. तुम्ही तिला बाजूला केलंत आणि स्वतः बसलात. मी कॅमेरा फक्त हातावर ठेवला.

त्याच वेळी वहिनी पहिल्यांदा बोलल्या. “वन्सं, आषाढात पान मांडलंत ते मांडलंत. रांगोळी नको. खरंच नको.” तुम्ही न थांबता काढत राहिलात. नंतर आपण घरापुढच्या खळ्यात चहा घेत होतो तेव्हा मी विचारलं, हे सुचलं कुठून? तुम्ही कपाकडे बघत सांगितलंत. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही पाच-सहा वर्षांच्या. त्यांच्या म्हाळाला तुम्ही कोणाला न सांगता पानाभोवती रांगोळी काढलीत, बाबांचं पान म्हणून. आई किंचाळली आणि अण्णाने पायाने ती पुसली. तोही लहानच, आईने सांगितलं म्हणून. “त्याला आता आठवतही नसेल,” तुम्ही म्हणालात.

मी थट्टेने विचारलं, “मग, आले होते का वडील?”

“कसे येतील? पुसली ना.”

पन्नास वर्षांची बाई हे बोलत होती आणि तिला ते खरं वाटत होतं. सबंध सिनेमाभर मी जे तुमच्याशी भांडलो, शॉट लांबतोय, लोक कंटाळतील, काहीतरी घडू दे, ते सगळं त्यानंतर निम्म्या आवाजात भांडलो.

शेवटावर मात्र पूर्ण आवाजात. मुलगा रांगोळी पायाने पुसतो, सासरा उठतो आणि पाखाडी उतरून जातो. इथे संपलं असतं तर मी तुमच्या पाया पडलो असतो. पण नाही. दुसऱ्या दिवशी ती सून पुन्हा पान मांडते, ह्या वेळी सगळं ठाऊक असून रांगोळी काढते, आणि बाजूला होते. पान, पाट, रांगोळी. कॅमेरा हलत नाही. कोणी येत नाही. भात सुकतो, एक माशी येते, ऊन सरकतं. कॅसेट संपेपर्यंत तेवढंच.

“बाई, तो येतो की नाही ते दाखवा.”

“मी काय दाखवणार? वाट बघणाऱ्याने बघायचं.”

“लोक उठून जातील.”

“जाऊ देत. बसतील ते माझे.”

केबलवाल्या बाळूने तर सुरुवातीलाच विचारलं होतं, “बाई, भूत आहे तर धावत कसं नाही?” तरी त्याने एका रविवारी दुपारी आपल्या लोकल चॅनलवर लावला. शेवटचा शॉट सुरू झाला आणि त्याच्याकडे फोन यायला लागले, कॅसेट अडकलीय म्हणून. त्यालाही तसंच वाटलं. त्याने ती काढून गाणी लावली. सोमवारी शाळेत तुम्हाला कोणी काय काय ऐकवलं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, पण वरच्यांनी बोलावून घेतलं होतं आणि मुलींवर काय संस्कार होतील असं काहीतरी झालं, हे मला कळायचं तसं कळलं. तुम्ही माझ्या दुकानात येऊन एवढंच म्हणालात, “कॅसेट अडकलीय असं वाटलं लोकांना! म्हणजे ते बघत होते रे.” आणि इतक्या हसलात की धाप लागली. तेव्हा मी त्या धापेकडे लक्ष दिलं नाही, तुम्हीही दिलं नाहीत. गोळ्या विसरायच्या हा तर तुमचा छंदच होता.

बाळूने त्याच्याकडच्या कॅसेटवर पुढे भजन स्पर्धा रेकॉर्ड केली. म्हणजे आता माझ्याकडे आहे ती एकच. अण्णांना हे ठाऊक नसेल. ठाऊक असतं तरी त्यांनी मागितलीच असती.

तुमच्यामुळे माझं नुकसान काही कमी झालेलं नाही. सिनेमानंतर एका लग्नात मी सप्तपदी सोडून मुलीच्या बापावर कॅमेरा धरला. तो मांडवाच्या कडेला हात धूत होता, धूत होता, नळ बंदच करत नव्हता. मला तो शॉट कापवेना. वरपक्षाने उरलेलं बिल देताना जी तोंडं केली ती मी विसरणार नाही. पण मुलीचा बाप वर्षभराने येऊन तेवढाच तुकडा वेगळा करून घेऊन गेला. थांबून बघायचं कसं, हे मला तुम्ही शिकवलंत, आणि तेही पट्टी न मारता. सिनेमा चांगला झालाय असं मी तुम्हाला तोंडाने कधी म्हटलं नाही. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याला कधी बरा म्हटलं नाहीत. फिटंफाट झाली, आता त्याचं वाईट वाटून घेणार नाही.

आणि तुमच्या आत्म्याला शांती लाभो असंही मी लिहिणार नाही. पेपरातल्या चौकटीत शाळेने ते लिहिलं, ठीक आहे, त्यांची पद्धत. शांती तुम्हाला कधीच नको होती, तुम्हाला प्रेक्षक हवे होते. ‘सिनेमाने बाईंना खाल्लं,’ असं कोणी माझ्या दुकानात येऊन बोललं तर मी त्याला बाहेर काढतो. दोघांना काढलंय. सिनेमा कोणाला खात नाही. आपल्या सिनेमात तर भूतसुद्धा कोणाला खात नाही, हे ज्यांना बघायला मिळालं नाही तेच असं बोलतात. म्हणून मी ठरवलं, की बघायला लावायचं.

तेराव्याला मी कॅसेट घेऊन गेलो. सोबत प्लेअरही.

भटजी आटपून गेले होते, पंगत उठत होती. अण्णांनी माझ्या हातातली पिशवी बघितली. “आणलीस ना?”

“आणली. द्यायला नाही, दाखवायला.”

“मोहन, आज तमाशा नको.”

“अण्णा, तुम्ही हा सिनेमा बघितलेलाच नाही. केबलवर लागला तेव्हा तुम्ही खेडला लग्नाला गेला होतात. बाईंनी काढलेली एवढी एकच वस्तू आहे. बुडवायचीच तर बघून तरी बुडवा. बघून झाल्यावरही मी देणार नाही, ते वेगळं.”

माझा आवाज चढला होता. नातेवाईक बघायला लागले. दामू तांडेल हात पुसत उठला आणि कोणालाही न विचारता माजघरातल्या टीव्हीमागे वायर खोचायला लागला. त्याला स्वतःला बघायचं होतं. केबलवर लागला त्या दुपारी तोही कोणाच्या तरी ट्रॉलरवर होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “लाव मेल्या, लाव. नाहीतरी कोणाचं ऐकणारायस?” ती परवानगी होती की शिवी, मी विचारत बसलो नाही.

लोक बसले. जेवण अंगावर आलेलं, एक काका पडद्यावरचा दामू माजघरातून पडवीत जाईपर्यंतच घोरायला लागले. दामू स्वतःला बघून म्हणाला, “प्वाट केवडं दिसतंय माजं,” आणि पुढे सरकून बसला. अण्णा बसले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

त्याच्या बऱ्याच आधी, अगदी सुरुवातीलाच, तुमचा हात आला होता. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नखांत शाळेतला निळा रंग, आणि चिमटीतून सुटणारी सरळ बारीक रेघ. ज्या हातासाठी तेरा दिवस सगळे रडत होते तो हात समोर चालत होता. “वन्सं,” वहिनी एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. शूटिंगच्या वेळी मी तो हात चांगला दिसावा एवढाच विचार केला होता. आता कळलं की मी काय धरून ठेवलंय. तुमचे फोटो घरात आहेत, पुष्कळ आहेत, त्यातले निम्मे मीच काढलेले. पण हलणाऱ्या तुम्ही एवढ्याच आहात.

मग तो शॉट आला. मुलगा येतो, पानाकडे बघतो, आणि पायाने रांगोळी पुसतो. एकदा पुसून जात नाही, म्हणून पुन्हा. मी अण्णांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. ते चौकटीपाशी नव्हते. पडवी ओलांडून खळ्यात गेले होते आणि आमच्याकडे पाठ करून उभे होते. बाई, तुमचं एक चुकलं. त्यांना आठवत होतं.

शेवटचा शॉट लागला. पान, पाट, रांगोळी. कोणीतरी मागून म्हणालं, “अडकली काय रे?”

“अडकलेली नाहीय,” वहिनी म्हणाल्या. “बस गप.”

आणि बसले, बाई. काका घोरत होते ते सोडा, बाकीचे बसले. कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या येईपर्यंत बसले. एक पोरगी तर पडद्यातल्या दाराकडे बघत होती, कोणी येतंय का म्हणून. मला तुमचा राग आला, की हे बघायला तुम्ही इथे का नाही. रडू आलं ते त्या रागाचंच जास्त होतं.

वहिनी उठून आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात रांगोळीचा डबा होता. तुमचं पान पडवीत होतं, तुमच्या फोटोसमोर, दाराला लागूनच. रांगोळीशिवाय, रीतीप्रमाणे. वहिनी गुडघे धरत खाली बसल्या आणि पानाभोवती महिरप काढायला लागल्या. त्यांचा हात तुमच्यासारखा नाही, रेघ जाड येत होती, आणि तोंडाने पुटपुटणं चालूच होतं, आयुष्यभर ऐकलं नाहीत कोणाचं, आता मीच करते, मग म्हणू नका. दोन-तीन बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. महिरप पुरी करून वहिनींनी पाट नीट सरकवला आणि फोटोकडे बघून म्हणाल्या, “बसा हो वन्सं. घाई कोणाला आहे?”

अण्णा खळ्यातून पडवीत आले. आत जायची वाट पानाजवळूनच होती, आणि वहिनींनी महिरप चांगली ऐसपैस काढलेली. अण्णा थांबले. मी उठून उभा राहिलो. खरं सांगतो, त्यांनी पाय घातला असता तर मी त्यांचा हात धरला असता, वय बघितलं नसतं. अण्णांनी धोतर दोन्ही हातांनी वर धरलं, भिंतीला पाठ लावली आणि तसेच आडवे सरकत, पाय अगदी जपून टेकत, रांगोळीच्या कडेने दारापर्यंत गेले. चुन्याचा पांढरा पट्टा पाठीवर घेऊन आत गेले.

जरा वेळाने आतून त्यांचा आवाज आला. “मोहन, तू जेवलास का रे?”

मी जेवलो नव्हतो. भांडायला आलो होतो. वहिनींनी तुमच्या शेजारी माझं पान मांडलं आणि मी जेवलो, सावकाश. कॅसेटचं कोणी काही बोललं नाही. निघताना मी ती पिशवीत घातली आणि सगळ्यांच्या देखत घेऊन आलो. ती माझ्याकडेच राहील. शेवटचा शॉट अजूनही लांबच आहे, बाई, ह्यावर मी ठाम आहे. पण त्यातला एक क्षणही मी कापणार नाही, आणि कोणाला कापू देणार नाही.